कॉनराड कोर्स: खाटकाच्या गल्ल्यावरून गुरांच्या माळावर

प्रश्न थोडक्यात असा होता. प्रश्नकर्ते ५४ वर्षांचे. चाकणजवळ सुट्या भागांचा कारखाना, तो आता मुलीच्या हाती द्यायचा आहे. माण तालुक्यात जमीन पाहून ठेवली आहे, तिथं गुरं पाळायची आहेत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: अमेरिकेत धंदा सोडून रँच, म्हणजे गुरांची मोठी वाडी, काढणाऱ्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतात, त्यातलं कुणी खरोखर आयुष्यभर टिकलं का? टिकलं तर कशाच्या जोरावर? आणि आपण शहरात राहून, माणसं नेमून हे चालवता येतं का?

टिकलेली माणसं आहेत. पण ज्यांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात ती बहुधा बुडालेली असतात, हे आधी सांगून ठेवतो.

माझं काम गोठ्यांचं आहे. वैरणीचं नियोजन, जनावरांची निवड, हिशेब. उद्योगातून इकडे वळणारे बरेच जण भेटतात, आणि त्यांचा पहिला फोन जवळजवळ नेहमी शेडच्या मापासाठी येतो. शेड किती फूट रुंद, पत्रा कोणता, दूध काढायचं यंत्र कोणत्या कंपनीचं. माल कुणाला विकायचा हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो, तोही मीच काढला तर. कारखाना काढताना याच माणसानं गिऱ्हाईक पक्कं केल्याशिवाय एक लेथ विकत घेतला नसता. गुरांच्या बाबतीत मात्र तो अचानक भाबडा होतो. अशा प्रत्येकाला मी कॉनराड कोर्स या अमेरिकेतल्या गुरंवाल्याची हकीकत सांगतो, आज तुम्हालाही सांगतो. जरा लांबेल.

कोर्सचा जन्म १८३५ चा, होल्स्टाइनमधल्या वेवेल्सफ्लेट या गावचा. हा भाग तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होता, आज जर्मनीत आहे. पंधराव्या वर्षी तो जहाजावर गेला, मग अमेरिकेत उतरला. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला त्याचे नातेवाईक होते. तिथं तो खाटकाचं काम शिकला, सॉसेज विकले, मिसिसिपी नदीवर लाकडाचे तराफे हाकले. मग सोन्याच्या नादानं कॅलिफोर्नियाला गेला, तिथून वर कॅनडातल्या फ्रेझर नदीवर. सोनं काही हाती लागलं नाही. १८६२ मध्ये सत्ताविशीचा हा माणूस आज मोंटाना म्हणतात त्या मुलखात आला तेव्हा खिशात जवळजवळ काही नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात ग्रासहॉपर क्रीकच्या काठी सोनं सापडलं आणि बॅनक नावाचं गाव रातोरात उभं राहिलं. माणसांची रीघ लागली. कोर्सही खाणीतच उतरायला निघाला होता, पण हँक क्रॉफर्ड नावाच्या माणसाला मांसाच्या दुकानात हात हवा होता आणि कोर्सच्या सामानात खाटकाच्या सुऱ्या होत्या. तो दुकानात राहिला. हा क्रॉफर्ड गावचा शेरीफही होता. त्याचं हेन्री प्लमर नावाच्या माणसाशी हाडवैर जुंपलं, क्रॉफर्डनं त्याच्या हातावर गोळी झाडली आणि स्वतःच्या जिवाच्या भीतीनं तो मुलूख सोडून गेला. दुकान कोर्सकडे आलं. प्लमर पुढे स्वतःच शेरीफ झाला आणि दरोडेखोरांच्या टोळीला सामील असल्याच्या आरोपावरून जानेवारी १८६४ मध्ये लोकांनी त्याला बॅनकमध्येच फासावर चढवलं. असा तो काळ.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. कोर्सनं पाहिलं की सोनं सापडो न सापडो, खाणीतला माणूस रोज जेवतो. बॅनकनंतर १८६३ मध्ये अल्डर गल्चला सोनं लागलं, १८६४ मध्ये लास्ट चान्स गल्चला, म्हणजे आजचं हेलेना. प्रत्येक ठिकाणी हजारो माणसं, आणि मांस आणायचं कुठून? दुकानं चालवायची तर जनावरं हवीत. ती आणायला कोर्सला स्वतः घोड्यावर बसून, सोन्याची भुकटी बरोबर घेऊन डोंगर ओलांडावे लागत. दरोडेखोर मागावर असत म्हणून रात्री घोडा दामटल्याच्या हकिकती त्यानं म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत आहेत. त्या चवीनं वाचल्या जातात. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट दिसते: या फेऱ्यांमध्ये तो जनावर पाहायला शिकला. कोणत्या बैलाचं किती मांस पडेल, कोणता चाऱ्यावर भरेल, कोणता नुसताच खाईल. दुकानात तेच जनावर सुरीखाली आलं की आपला अंदाज किती चुकला ते त्याच दिवशी कळे. आपल्याकडे आठवडी बाजारातला जुना हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, जनावराच्या पाठीवरून हात फिरवून जे सांगतो ते याच शाळेतलं.

ही जनावरं तो बरीचशी डिअर लॉज खोऱ्यातल्या जॉनी ग्रँटकडून घेई. ग्रँट हा मेती व्यापारी, म्हणजे युरोपीय आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाचा. त्याची युक्ती साधी होती. ओरेगॉनकडे जाणाऱ्या बैलगाड्यांच्या वाटेवर थकलेली, पाय घासलेली दोन जनावरं घ्यायची आणि बदल्यात एक ताजंतवानं द्यायचं. थकलेली दोन डिअर लॉजच्या कुरणात हिवाळाभर चारायची. पुढच्या वर्षी ती पुन्हा त्याच वाटेवर नेऊन एकाला दोन. भांडवल जवळजवळ शून्य. १८६२ मध्ये त्यानं बांधलेलं घर त्या मुलखात देखणं गणलं जाई. पुढे खाणवाल्यांची गर्दी आणि करांचा जाच त्याला सोसवेना, आणि १८६६ मध्ये त्यानं कोर्सला १९,२०० डॉलरला वाडी विकली.

म्हणजे कोर्सनं जमीन घेतली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, आणि तोवर त्याची मांसाची दुकानं तीन-चार खाणगावांत चालू होती. आधी गल्ला, मग दुकानासाठी जनावर, मग जनावरासाठी कुरण. हा क्रम नीट पाहा. माझ्याकडे येणारे सगळे हा क्रम उलटा धरतात, आणि तुमच्या पत्रातही जमीन पहिल्या ओळीत आहे, गिऱ्हाईक कुठेच नाही.

१८६८ मध्ये तो डेव्हनपोर्टला जाऊन ऑगस्टा क्रूझशी लग्न करून आला. ती एकोणीस वर्षांची. मिसूरी नदीतून आगबोटीनं फोर्ट बेंटनपर्यंत आठवडेच्या आठवडे, आणि पुढे खुष्कीनं. घरी पोचल्यावर तिनं स्वयंपाकघर आपल्या ताब्यात घेतलं आणि घराला शिस्त लावली, असं त्या घराच्या इतिहासात नोंदलेलं आहे. कोर्सचे सावत्र भाऊ बीलेनबर्ग हेही आले. त्यातला जॉन बीलेनबर्ग हा त्याचा जन्माचा भागीदार. हे नाव लक्षात ठेवा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोच आहे.

सत्तरच्या दशकात सोनं ओसरलं. खाणगावं रिकामी होऊ लागली, म्हणजे मांसाचं गिऱ्हाईक गेलं. इथं नुसता गुराखी बुडाला असता. कोर्सनं शिकागोची वाट धरली. तिथला गुरांचा मोठा बाजार १८६५ मध्ये उघडला होता. मोंटानात अजून आगगाडी नव्हती, म्हणून कळप दक्षिणेला वायोमिंगपर्यंत चालवत नेऊन तिथून डब्यांत चढवायचे. १८८३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिकचा मार्ग मोंटानात पुरा झाल्यावर सारं सोपं झालं. शिकागोचा व्यापारी टेक्सासची लांब शिंगांची, काटक पण हडकुळी जनावरं कमी भावानं घेई, भरीव जनावराला जास्त देई. म्हणून कोर्सनं शॉर्टहॉर्न जातीचे वळू आणले, पुढे हेरेफर्ड. जातीच्या प्रेमापोटी हे झालं नाही. बाजारानं जे मागितलं ते त्यानं कळपात घातलं.

भर बहरात त्याच्या स्वतःच्या मालकीची जमीन सुमारे ३०,००० एकर होती. जनावरं मात्र चार राज्यांत आणि कॅनडात मिळून सुमारे १ कोटी एकर मोकळ्या सरकारी माळावर चरत, आणि दरवर्षी १०,००० पर्यंत जनावरं शिकागोला जात. हे आकडे वाचून डोळे फिरतात, म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली अशी की ते गवत फुकट होतं, पण बेवारस नव्हतं. त्या माळावर अमेरिकी गवे (बायसन) आणि गव्यांवर जगणारी ब्लॅकफीट, क्रो, ॲसिनिबॉइन अशी माणसं होती. अवघ्या काही वर्षांत गवे मारून संपवले गेले, आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात ब्लॅकफीटांची शेकडो माणसं उपासमारीनं मेली. गुरांचा सुवर्णकाळ म्हणतात तो याच वर्षांतला. कोर्सची तारीफ करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

दुसरी अशी की फुकट गवत हा कोणत्याही धंद्यातला सर्वांत महाग कच्चा माल. तुमच्या वाट्याचं गवत तुम्ही आज खाल्लं नाही तर उद्या शेजारी खाणार, त्यामुळे प्रत्येकजण कळप वाढवत सुटतो. ऐंशीच्या दशकात तेच झालं. एडिंबरा, लंडन आणि न्यूयॉर्कचा पैसा त्या माळावर ओतला गेला. गुरांच्या कंपन्या निघाल्या, शेअर विकले गेले. जनावरं मोजायची कशी, तर वहीत. सुरुवातीला इतक्या गाई, दरवर्षी इतके टक्के वासरं, मरतूक इतकी, म्हणजे आज एवढी असणारच. प्रत्यक्ष माळावर जाऊन कुणी मोजत नसे, आणि कंपन्या विकल्या जात त्या याच वहीतल्या आकड्यावर. वायोमिंगची स्वॉन कंपनी ही त्यातली बडी, स्कॉटिश भागधारकांच्या पैशावर उभी राहिलेली. तुम्ही कारखानदार आहात, वर्षअखेरीला गोदामातला माल हातानं मोजल्याशिवाय ताळेबंदावर सही करत नसाल. आपल्याकडच्या गोठ्यांत मात्र मी आजही ‘साधारण चाळीस’ असं उत्तर ऐकतो. चाळीस म्हणजे किती दुभत्या, किती भाकड, किती गाभण, किती कालवडी? इथं बहुतेक जण नोकराकडे पाहतात.

दुसरा एक नमुना मार्की द मोरेस या फ्रेंच सरदाराचा. १८८३ मध्ये डाकोटात येऊन त्यानं पत्नीच्या नावानं मेडोरा हे गाव वसवलं. सासरा न्यूयॉर्कचा बँकर, पैशाला तोटा नाही. जनावर शिकागोला जिवंत कशाला न्यायचं, इथंच कापून बर्फाच्या डब्यांतून मांस पाठवू, ही त्याची कल्पना. कागदावर ती बिनचूक होती. पण माळावर चरलेलं जनावर वर्षातले काही महिनेच अंगानं भरलेलं असतं, त्यामुळे कत्तलखाना उरलेले महिने रिकामा. पूर्वेच्या गिऱ्हाइकाला मक्यावर पोसलेल्या जनावराच्या मांसाची सवय, आणि शिकागोचे बडे मांसव्यापारी विरोधात. तीन वर्षांत, १८८६ च्या शरदात, सगळं बंद. कोर्सनं गल्ल्यापासून सुरुवात केली, या सरदारानं यंत्रापासून. दोघांच्या बुद्धीत फरक होता असं मला वाटत नाही.

आणि मग तो हिवाळा आला.

१८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. माळ आधीच खरवडून खाल्लेला. शिकागोचे भाव पडलेले, म्हणून कित्येकांनी विकायची जनावरं ‘पुढच्या वर्षी भाव येईल’ म्हणून माळावरच ठेवली. नोव्हेंबरातच बर्फ सुरू झालं. जानेवारीत मध्येच उबदार वारा सुटला, वरचं बर्फ वितळलं, आणि लगेच पुन्हा कडाका पडून त्या पाण्याचा काचेसारखा थर जमला. गवा नाकानं बर्फ बाजूला सारून खालचं गवत खातो, घोडा खुरानं उकरतो. गाईला यातलं काही येत नाही. पारा शून्याखाली चाळीसच्या आसपास. उपाशी जनावरं वाऱ्याला पाठ देऊन चालत राहिली, ओढ्यांच्या खाचांत साचली, काही थेट गावांत शिरली. त्या वेळी एका कळपावर कामाला असलेला चार्ल्स रसेल हा तरुण, जो पुढे नामांकित चित्रकार झाला, त्यानं मालकाला कळपाची हालत कळवण्यासाठी पोस्टकार्डाएवढं एक चित्र काढून पाठवलं: हाडांचा सापळा झालेली एकच गाय, बर्फात उभी. शब्दांचं काम उरलं नाही.

वसंतात बर्फ वितळल्यावर पहिल्यांदा खरी मोजदाद झाली. मोंटानाच्या माळांवरची निम्म्याहून अधिक जनावरं गेली असा अंदाज होता. वहीतल्या आकड्यांचं पितळ उघडं पडलं, कारण त्यातली कित्येक जनावरं हिवाळ्याच्या आधीही अस्तित्वात नव्हती. स्वॉन कंपनी त्याच वर्षी कोसळली. थिओडोर रूझवेल्ट, जे नंतर अध्यक्ष झाले, त्यांच्या डाकोटातल्या कळपाचा मोठा भाग गेला आणि पुढे त्यांनी त्या धंद्यातून अंग काढून घेतलं. कोर्सचा भागीदार ग्रॅनव्हिल स्टुअर्ट तर म्हणाला, ज्याला खाऊ घालता येत नाही आणि आडोसा देता येत नाही असं जनावर पुन्हा कधी पाळणार नाही.

कोर्सचंही प्रचंड नुकसान झालं. स्टुअर्टबरोबरच्या भागीदारीतला पूर्वेकडच्या माळावरचा कळप तर बहुतेक धुऊन गेला. तेव्हा तो एक्कावन वर्षांचा होता, तुमच्याहून तीन वर्षांनी लहान. मग तो वाचला कसा?

त्या वेळी मोंटानातल्याच ब्यूट गावचा धनाढ्य खाणमालक आणि बँकर ए. जे. डेव्हिस यानं त्याला १,००,००० डॉलर उसने दिले. कागद नाही, तारण नाही, हातात हात दिला आणि झालं. कोर्सनं ते काही वर्षांतच फेडले. ही गोष्ट शब्दाच्या माणसाची गोष्ट म्हणून सांगतात. तेवढंच असतं तर मी तुम्हाला ती सांगितली नसती. डेव्हिस हा त्याच पूर्वेकडच्या कळपातला आधीचा भागीदार होता. १८८३ मध्ये कोर्स आणि बीलेनबर्ग यांनी त्याचा हिस्सा विकत घेतला होता. म्हणजे हा बँकर कोर्सचा व्यवहार आतून ओळखत होता. शिवाय कोर्सचे सगळे पैसे गुरांत अडकलेले नव्हते. खाणीत त्याचे हिस्से होते, खाणींना पाणी पुरवणारे कालवे होते, आणि तो त्या पाण्याचे पैसे घेई. असा माणूस बुडत नाही हे डेव्हिसला ठाऊक होतं. हातात हात देण्याआधी डोक्यात हिशेब झालेला होता.

दुसरं कारण डिअर लॉजचं खोरं. सुमारे ४,५०० फूट उंचीवर, नदीकाठची ओली कुरणं, आणि तिथं उन्हाळ्यात गवत कापून वाळवून गंजी लावायची रीत. पश्चिमेकडच्या अशा खोऱ्यांत पूर्वेच्या उघड्या माळापेक्षा नुकसान पुष्कळ कमी झालं. १८८७ नंतर सगळ्या मोंटानानं हेच उचललं: कळप लहान, कुंपण, आणि हिवाळ्याची वैरण आधी घरात. कोर्सचा मोकळा माळही पुढे बरीच वर्षं चालू राहिला, पण पायाखाली गंज होती.

पुढचं थोडक्यात. मोंटाना १८८९ मध्ये राज्य झालं तेव्हा घटना बनवणाऱ्या परिषदेत तो होता, विधिमंडळातही बसला. १८९० मध्ये ग्रँटच्या जुन्या लाकडी घराला मागे विटांचं मोठं घर जोडलं. ऑगस्टाला संगीताचा, ऑपेराचा षोक, त्यासाठी ती न्यूयॉर्कला जाई. नव्या शतकाच्या तोंडावर नवरा-बायको हेलेनाला राहायला गेले. १९०१ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा विल्यम न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना गेला. त्याच्या नावानं त्यांनी डिअर लॉजमध्ये वाचनालय बांधून दिलं, ते आजही आहे.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. १९०९ च्या कायद्यानं प्रत्येक वसाहतदाराला ३२० एकर जमीन मिळू लागली. शेतकरी लोंढ्यांनी आले, माळाची चौकटी-चौकटीनं नांगरट होऊ लागली. मोकळ्या चराईचे दिवस संपले हे कोर्सनं ओळखलं. पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस, नाव झालेलं, लोक ‘गुरांचा राजा’ म्हणत. असा माणूस सहसा हट्टाला पेटतो, कोर्टात जातो, कुंपणं तोडतो. यानं शांतपणे विकायला काढलं. भाव चांगला असतानाच कळप आणि जमीन कमी करत करत शेवटी घराभोवतीची साधारण हजार एकर ठेवली. २३ जुलै १९२० ला तो गेला, पंच्याऐंशीला दोन आठवडे कमी असताना. जॉन बीलेनबर्ग १९२२ मध्ये गेला. ऑगस्टा १९४५ पर्यंत जगली, शहाण्णव वर्षं.

उरलेल्या हजार एकरांवर १९३२ पासून मुलीचा मुलगा कॉनराड वॉरन कारभार पाहू लागला. त्यानं मोकळ्या माळाचा नाद सोडून नोंदणीकृत हेरेफर्ड गाई आणि बेल्जियन घोडे यांची पैदास केली, म्हणजे पुन्हा बाजार पाहून माल बदलला. १९७२ मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. आज तिथं अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा खरीखुरी गुरं राखते, गवत कापते, आणि लोकांना दाखवते.

आता माण तालुका.

कोर्सचा धंदा उचलून इकडे आणता येत नाही, आणि त्याचं कारण हवामान नाही. त्याचा नफा बहुतांशी नर जनावरांत होता: खच्ची केलेला खोंड तीन-चार वर्षं फुकट गवतावर वाढवून मांसाला विकायचा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे तुमच्या गाईला झालेला खोंड हा खर्चाच्या बाजूला धरायचा. भाकड गाईही तशीच. खिलार ही देशी जात पाळलीत तर चांगल्या खोंडाला शेतीसाठी आणि शर्यतीसाठी गिऱ्हाईक आहे, शर्यतींना २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्यता दिल्यावर भावही वधारले. पण ते गिऱ्हाईक एखाद्या-दुसऱ्या देखण्या खोंडाचं, कळपाचं नाही. दुधासाठी संकरित गाई घेतल्यात तर तुमचा धंदा दुधाचा, आणि खोंड म्हणजे त्यातली घट. म्हशीला कायद्याची ही अडचण नाही, पण माणच्या उन्हात तिला पाणी आणि सावली जास्त लागते. शेळी-मेंढी हा त्या मातीचा खरा धंदा. तुम्हाला गाईच हव्यात हे मला कळतं, तरी हिशेब मांडताना शेळीची एक बाजू मांडून पाहा.

माणला बर्फ पडत नाही, दुष्काळ पडतो. काम तेच करतो. १९७२ आठवणारी माणसं अजून गावात आहेत, आणि २०१२-१३ च्या चारा छावण्या तर कालपरवाच्या. दहा संकरित गाईंचा हिशेब सांगतो: एका गाईला रोज साधारण २५ किलो ओला चारा आणि पाच-साडेपाच किलो सुका. वर्षाला दहा गाईंना ओला नव्वद टन आणि सुका वीस टन. यातला किती तुमच्या रानात पिकेल आणि किती विकत आणाल? पाऊस दडी मारतो त्या वर्षी कडब्याच्या पेंडीचा भाव दुधाच्या भावाला विचारून वाढत नाही. म्हणून आधी मुरघासाचा, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या ओल्या चाऱ्याचा, खड्डा आणि कडब्याची गंज, नंतर गाई. वर्षभराची वैरण साठवणीत असल्याशिवाय दावणीला एक जनावर बांधू नका. शेड शेवटी.

फुकट चराईवर अजिबात भिस्त ठेवू नका. गायरान आहे, डोंगर आहे, असं दलाल सांगेल. त्या गायरानावर गावातल्या मेंढपाळांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या चरतात, आणि तुम्ही बाहेरचे.

वयाचं विचाराल तर चोपन्न हे काही फार नाही. कोर्स एक्कावन्नाव्या वर्षी धुऊन निघाला आणि त्यानंतर तेहतीस वर्षं जगला. पण त्याच्याकडे तोवर चोवीस वर्षांची नजर होती. तुम्हाला ती नाही. ती मिळवायला जमीन लागत नाही. वर्षभर म्हसवडच्या, सांगोल्याच्या बाजारात जा. काही घेऊ नका. समोर सौदा चालला असेल त्या जनावराची किंमत मनात धरा, मग व्यवहार कितीला ठरला ते विचारा. दूध संकलन केंद्रावर सकाळी उभे राहा, कुणाचं फॅट किती लागतं आणि का लागतं ते पाहा. गिऱ्हाईक शोधा: संघ, खाजगी डेअरी, की थेट पुण्यातली घरं. तुमच्या कारखान्यातले तीनशे कामगार, त्यांच्या घरी रोज दूध लागतं, हे तुमच्या ध्यानात आलंय का? तुमचा गल्ला कदाचित चाकणलाच आहे.

कारखान्यातून अंग पूर्ण काढून घेऊ नका, एवढंही सांगतो. मुलगी चालवते आहे तर चालवू द्या, पण तुमचा हिस्सा आणि लाभांश राहू द्या. आणि गोठ्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर गोठा तोट्यात आहे हे तीन वर्षं कळतच नाही. कारखाना मुकाट्यानं भरत राहतो.

आता तिसरा प्रश्न, शहरात राहून माणसं नेमायची का. कोर्स वर्षातला बराच काळ बाहेर असे: शिकागोच्या बाजारात, बँकांमध्ये, विधिमंडळात, आणि शेवटची वीस वर्षं तर हेलेनालाच. जागेवर असे जॉन बीलेनबर्ग. तो पगारी नव्हता, भागीदार होता. कळप वाढला तर त्याचा वाढे, मेला तर त्याचा मेला. माझ्या पाहण्यात बाहेरच्या मालकाचे जे गोठे चालले त्या प्रत्येकात असा एक माणूस होता, आणि जे बंद पडले त्यांतल्या बहुतेकांत फक्त पगारी व्यवस्थापक आणि कॅमेरे. कॅमेऱ्यात गाय माजावर आलेली दिसते, पण रात्री दोनला उठून जायचं कोण? तेव्हा माणच्याच एखाद्या जाणत्या, हाताखाली जनावरं वाढलेल्या माणसाला भागीदार करा. पहिल्या वेतापासून त्याचा हिस्सा ठरवा, कालवडींमध्येही त्याचा वाटा लिहून द्या, आणि महिन्यातून एकदा दोघांनी मिळून दावणीवर उभं राहून जनावरं मोजा. असा माणूस मिळाला की मला कळवा, मग शेडची मापं बोलू.